सूचनेप्रमाणे दुर्लक्ष

वसमतच्या आसपासच्या हळद उत्पादकांचा एक गट आहे. माझे मामा त्याचे अध्यक्ष. पुण्यातली नोकरी घरून करायची मुभा मिळाली आणि मी गावी आले, तेव्हा मामांनी गटासाठी वेबसाइट करायला सांगितली. सभासदांनी लॉगिन करायचं, हळदीचे भाव पाहायचे, आपला माल नोंदवायचा. लॉगिनची व्यवस्था तयार मिळते, ती मी जोडली. कुणी नाव नोंदवलं की त्या व्यवस्थेकडून आपोआप इंग्रजीत मेल जायचा, खात्याची खात्री करण्यासाठी इथे दाबा.

कुणीच दाबलं नाही.

"लोकं भिऊन राहिले," मामा म्हणाले. "खातं म्हणलं की बँकेचं वाटतं. दाबलं की पैसे गेले, एवढं समद्याला माहीत झालंय."

मी मजकूर मराठीत केला. 'आपल्या खात्याची पडताळणी प्रलंबित आहे.'

मामांनी तो दोनदा वाचला. "ही तर तहसीलची नोटीस झाली. लिही, मी सांगतो."

त्यांनी सांगितलं ते मी तसंच घातलं. 'रामराम. अध्यक्ष बोलून राहिलो. गटाच्या वेबसाइटवर तुमीच नाव टाकलं ना? व्हय असंल तर खालचं बटन दाबा. बँकेचा काही संबंध न्हाई.' पाठवणाऱ्याच्या जागी गटाचं नाव टाकलं आणि उत्तरं माझ्याकडे येतील अशी सोय केली. लोकांनी बटण दाबलं.

पासवर्ड विसरणाऱ्यांना जाणारा मेल मात्र मी स्वतः लिहिला. शेवटी नेहमीची ओळ होती, तुम्ही हे मागितलं नसेल तर दुर्लक्ष करा.

काही दिवसांनी तांड्यावरच्या एका सभासद काकांचं उत्तर आलं. 'मेल मिळाला. मी पासवर्ड मागितला नव्हता. सूचनेप्रमाणे दुर्लक्ष केले आहे. कळावे.' दुसऱ्या दिवशी तसंच आणखी एक. मग पुन्हा. एकदा लिहिलं होतं, 'लग्नाला गेल्यामुळे दुर्लक्ष करण्यास उशीर झाला. क्षमस्व.'

कुणीतरी त्यांच्या खात्यात शिरू पाहतंय असं मला वाटलं. फोन केला. त्यांच्या बायकोनं उचलला.

"पासवर्ड मीच मागून राहिले," ती म्हणाली. "वेबसाइट मी माझ्या मोबाईलवर उघडते, अन् मेल यांच्या मोबाईलवर जातो. हळद शिजवायची, वाळवायची मी. भाव काय चालू हाय ते बघावं म्हणलं."

"काकांना सांगितलं नाही का?"

"सांगितलं की. ते म्हणले, मेल माझ्या नावानं येतो, मी काही मागितलं न्हाई, अन् खाली लिहून आलंय दुर्लक्ष करा म्हणून. मी रोज मागते, अन् ते रोज दुर्लक्ष करून राहिले. तुमीच सांगितलंय म्हणतात."

ओळ माझीच होती.

जमीन नवऱ्याच्या नावावर असल्यामुळे तिला वेगळं खातं देता येईल का, हे मी मामांना विचारलं. "वेबसाइटला सातबारा काहून लागतो?" मामा म्हणाले. तिला स्वतःचा मेल काढून दिला, खातंही तिच्या नावानं उघडलं. पासवर्डच्या मेलमधली ती ओळ बदलून मी लिहिलं, तुम्ही मागितलं नसेल तर आधी घरात विचारा.

त्या हंगामात माल कधी विकायचा ते तिनं ठरवलं. बाजारात गाडी नेण्याआधी काका तिला भाव विचारतात, असं मामांकडून कळलं. काकांचे मेल बंद झाले. मला थोडे दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.