खंडेनवमीचा ढिला पट्टा

मुरलीधरचा अंगठा म्हणजे मापच होतं. इंजिनाच्या पंख्याचा पट्टा तो अंगठ्यानं दाबून बघायचा. अर्धा इंच दबला तर ठीक, जास्त दबला तर ढिला. एकाहत्तर साल होतं, लढाईची तयारी चाललेली. दिवसभर जबलपूरच्या कारखान्यात नवे ट्रक जोडायचे आणि संध्याकाळी रांझीच्या घरी येऊन धाकट्या भावाच्या जुन्या ट्रकाखाली शिरायचं, हा त्याचा नेम. हा भाऊ, दिवाकर, एका ठेकेदाराच्या त्या खटाऱ्यातून मालाच्या पेट्या कटनीला पोचवायचा.

खटारा असा, की एका खड्ड्यातून गेला की पुढं फर्लांगभर डोलत राहायचा. दोघा भावांनी दोन संध्याकाळी खपून मागचे शॉकअप बदलले. मुरलीधरनं मागच्या फळीवर उडी मारली. ट्रक एकदा दबला, वर आला आणि गप्प उभा राहिला.

"वा दादा, म्हातारी सुधरली," दिवाकर म्हणाला.

"म्हातारी सुधरली, तू कधी सुधरशील?"

पट्टा ताणायचा तेवढा राहिला, आणि उजाडली खंडेनवमी. आई राधाबाईंनी पहाटेच घरातले नट-बोल्ट आवळायचे सगळे पाने पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. दुपारी ठेकेदाराचा निरोप आला, माल आजच न्यायचा. दिवाकरनं बॉनेट उघडलं.

"दादा, पट्टा शिट्टी मारून राहिला. दहा मिनिटांचं काम आहे."

मुरलीधरनं अंगठा दाबला. इंचभर आत गेला. पाना घ्यायला तो पाटाकडे वळला, तशा राधाबाई आडव्या आल्या.

"काहून हात लावून राहिला रे? पूजेतलं हत्यार आज उचलत नाहीत. उद्या कर."

शेजारी पाना मागावा तर आळीतल्या घरोघरी पाने पूजेलाच बसलेले. मुरलीधरनं पाटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, "कटनीपर्यंत निघेल. हळू जा."

"चलो, आईचं राज्य," म्हणत दिवाकर निघाला.

वाटेत सिहोऱ्याच्या पुढं पट्टा घसरू लागला. पंखा मंदावला, रेडिएटरचं पाणी उकळलं. दिवाकरनं ट्रक कडेला घेतला. डबा घेऊन पलीकडच्या विहिरीकडे रस्ता ओलांडताना समोरून भरधाव आलेल्या गाडीनं त्याला उडवलं. ट्रकाला ओरखडासुद्धा आला नव्हता; लोकांनी तो आणून रांझीच्या घरापुढं उभा केला.

तेरावा झाल्यावर ट्रक परत न्यायला ठेकेदाराचा माणूस येणार, असं कळलं. मुरलीधर एकटाच बाहेर गेला. पट्टा ज्यावरून फिरतो त्या डायनामोचा बोल्ट पान्यानं सैल केला, पहारीनं डायनामो रेटून पट्टा ताणला, बोल्ट आवळला. अंगठा दाबला. अर्धा इंच. दहा मिनिटंही लागली नव्हती. मग बराच वेळ तो चाकाला टेकून बसून राहिला. मग उठून आत गेला.

आत राधाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तेरा दिवसांत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"झालं का रे?" त्यांनी विचारलं. "किती वेळ लागला?"

मुरलीधरनं फडक्याला हात पुसले.

"पूर्ण दुपार गेली, आई. बोल्ट गंजला होता. त्या दिवशी झालंच नसतं."

राधाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला, आणि त्या पहिल्यांदा रडल्या.