विलायतेच्या विहीणबाई लोणी काळभोरला

लोणीला जायचं ठरलं ते माझ्या तोंडामुळे. रविवारी रंजनाकडे जेवायला बसलो होतो आणि परत तेच सुरू झालं. तिकडचं सरकार, तिकडचा नियम, तिकडची अट. मी म्हटलं, "बास करा आता. म्हातारी महिन्यापूर्वी आली आणि तिने पाहिलं काय? वारज्याचा हायवे आणि तुमची गॅलरी. मी नेते तिला फिरायला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रंजना माझी धाकटी बहीण. आईवडील लवकर गेले, तिला मीच वाढवली. माझी शाळा चौथीला सुटली, ती मात्र भरपूर शिकली आणि शिकवणाऱ्याशीच लग्न केलं. इयन त्याचं नाव. इंग्रज आहे, पण पुण्यात इतकी वर्षं काढली की रिक्षावाल्याशी मराठीत भांडतो. डॉरीन ही त्याची आई, म्हणजे माझी विहीण. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, तिकडे समुद्राकाठच्या एका गावात एकटी राहते. मागच्या वर्षी न्हाणीघरात पडली आणि शेजारणीला कळेपर्यंत तशीच पडून होती.

आता साध्या माणसाला काय वाटेल? मुलगा-सून जातील तिच्याजवळ राहायला. इयनला कोण अडवणार, तो तिथलाच. पण बायकोला न्यायचं तर त्याची कमाई अमुक इतकी हवी, असा तिकडे नियम. आधीच्या सरकारने ती रक्कम बरीच वाढवून ठेवली. नंतर दुसरं सरकार आलं, त्यांनीही ती खाली आणली नाही. पुण्यातला मास्तरकीचा पगार त्या रकमेच्या जवळपासही जात नाही. म्हणजे इयनने एकट्याने जायचं, तिथे नोकरी धरायची, पगार दाखवायचा, मग रंजनाने अर्ज करायचा. किंवा आईला तिथे एकटं सोडायचं. म्हणून म्हातारीच इकडे आली होती, इथे राहणं जमतंय का बघायला. जमलं नाही तर इयन तिच्याबरोबर जाणार. माझी बहीण मागे.

मला एकच प्रश्न पडलेला. सासू आणि सुनेच्या मधे सरकार बसतं कुठे?

पहिल्या दिवशी शहर. आमच्या सोसायटीतले सलीमभाई गाडी चालवतात. त्यांच्या आजोबांपासून ते पुण्याचे, गल्लीबोळ पाठ. सकाळी आठला निघालो. परदेशी पाहुणा घेऊन निघणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नऊनंतर कर्वे रोडला गेलात तर तुम्हीच परदेशी वाटायला लागता. मिसळ खायला शनिवार पेठेत थांबलो. विहीणबाईंना म्हटलं, तिखट आहे, दही घ्या. त्यांनी दही बाजूला ठेवून रस्सा प्यायला, नाक पुसलं आणि पाव आणखी मागितला. मालक गल्ल्यावरून म्हणाला, "दुसरा पाव सगळ्यांनाच मिळतो. पाहुण्या आहेत म्हणून नाही."

मग शनिवारवाडा. तिकिटाच्या खिडकीवर पाटी होती. आपल्याला एक दर आणि परदेशी माणसाला त्याच्या कितीतरी पट. इयनने आपलं कार्ड दाखवलं आणि त्याला आपल्याच दरात सोडलं. बायको इथली म्हणून आपल्या सरकारने त्याला ते कार्ड दिलंय. राहा, नोकरी कर, काही म्हणणं नाही. विहीणबाईंनी मोठं तिकीट घेतलं आणि इंग्रजीत काहीतरी बोलून हसल्या.

"काय म्हणतायत?"

रंजना म्हणाली, "म्हणतायत, ऐंशी वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला परकी म्हणालं."

मला जरा चढलंच. मी मोठ्याने म्हटलं, "बघा! आपण जावयाला घरात घेतलं. ते सुनेला दारात उभं करत नाहीत."

सलीमभाई लिंबूसरबत पीत होते. ते म्हणाले, "ताई, आणि या आजीबाईंना किती दिवस ठेवणार तुम्ही?"

"कायम! मुलाच्या घरी राहायला परवानगी कशाला लागते?"

इयन म्हणाला, "लागते, आक्का. आईचा व्हिसा फिरायचा आहे. सहा महिन्यांच्या वर एक दिवस नाही."

"मग दुसरा काढ."

"बघतोय. आई-वडिलांना कायमचं आणायचं म्हटलं की इथेही सोपं नाही."

मी तिकिटं घेतली आणि आत शिरले. वाड्यात दिल्ली दरवाजा सोडला तर पायऱ्या आणि गवत. पाण्याची बाटली न्या, टोपी न्या. विहीणबाई एका दगडी कठड्यावर बसल्या आणि तासभर माणसंच बघत होत्या. मुलांच्या सहली, सेल्फी, भांडणारी जोडपी. मीही मग त्यांच्याशेजारी बसले. भाषा नसली की एक बरं असतं, उगाच बोलावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी लोणी. इयनचे क्लास होते, म्हणून आम्ही तिघी बायका आणि सलीमभाई. गाडीचे दिवसाचे अडीच हजार ठरले, डिझेल धरून. वारज्याहून स्वारगेट, मग हडपसर. हडपसरला पूल असून काय उपयोग, पुलावरही गाड्या आणि पुलाखालीही गाड्या. अर्धा तास तिथेच गेला. मी सवयीप्रमाणे सुरू झाले, "कुठून कुठून माणसं येतात आणि या शहराची वाट लावतात. आधी असं नव्हतं."

रंजना मागून म्हणाली, "आपण लोणीहून वारज्यात कधी आलो गं आक्का?"

"आपण याच जिल्ह्यातले."

"बरं."

मांजरी मागे पडली की रस्ता मोकळा होतो. उसाच्या बैलगाड्या आता दिसत नाहीत, ट्रॅक्टर दिसतात, गाणी लावून. लोणीत कॉलेजं झाली, त्यांच्या समोर झेरॉक्स आणि चहा. चुलतभावाचं घर गावाच्या जरा बाहेर, शेताला लागून. वहिनी दारातच भाकरतुकडा घेऊन उभी. विहीणबाईंवरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. म्हातारीने बूट काढायच्या आत पाणी घातलं, मोजे भिजले. ती हसत सुटली.

जेवण म्हणाल तर पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडई. वहिनीने पाटाभोवती रांगोळी काढली होती आणि म्हातारीला खाली बसता येत नाही म्हटल्यावर खुर्चीभोवती काढली. मानपान म्हणजे मानपान.

गोंधळ जेवणानंतर झाला. मटारचा हंगाम होता. ओसरीवर सासवडकडच्या मटारचा ढीग पडला होता, शेंगा सोलायच्या होत्या. वहिनी आत भांड्यात गुंतलेली. विहीणबाईंनी खुर्ची ओढली, परात मांडीवर घेतली आणि लागल्या सोलायला. काय हात होता! अंगठा दाबला की शेंग उघडायची, दाणे टपटप परातीत. माझं केंद्र आहे पोळीभाजीचं, मी रोज सोलते, तरी मी मागे पडले. रंजनाने सांगितलं की त्यांच्या वडिलांचा गावाबाहेर भाजीचा तुकडा होता, लहानपण सगळं शेंगा सोलण्यात गेलं.

वहिनी बाहेर आली आणि किंचाळलीच. "अगं बया! विहीणबाईंना कामाला लावलं? गाव काय म्हनंल? पुन्यात राहून रीतभात पार इसरलात का तुमी?" तिने परात ओढली. म्हातारीने सोडली नाही. दोघी दोन बाजूंनी धरून उभ्या. शेवटी वहिनी हरली आणि पुटपुटत आत गेली, "न्हाय म्हंजे काय, समद्या विहिणी अशा असत्या तर…"

मग आम्ही तिघी सोलत बसलो. मला राहवेना. मी रंजनाला म्हटलं, "विचार त्यांना. हा नियम केला कुणी? माणसांनीच ना? मग ती माणसं निवडून कुणी दिली?"

"आक्का, जाऊ दे."

"विचार म्हणते ना."

तिने विचारलं. म्हातारीचा हात थांबला. मग ती बोलायला लागली, हळूहळू, शेंगेकडे बघत. बराच वेळ बोलली. रंजना ऐकत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. 

"अगं सांग की!"

रंजनाने एक शेंग सोलली, मग सांगितलं. अगदी सपाट आवाजात, बातम्या वाचतात तसं. "म्हणतायत, मीच दिली. बाहेरची माणसं कमी करू म्हणणाऱ्यांना मी मत दिलं, दोनदा. दवाखान्यात नंबर लागत नव्हता, गावातली दुकानं बंद पडत होती, ते म्हणाले बाहेरच्यांमुळे होतंय. मला ते खरं वाटलं. इयनला सांगितलेलं नाही. तेव्हा तुझं नाव माझ्या मनात आलंच नाही."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी उठलेच. तेवढ्यात वहिनी दारातून, "काय म्हनत्यात वो?"

"काही नाही," मी म्हटलं. "मटार गोड आहेत म्हणतायत."

वहिनी खूश होऊन गेली. रंजना म्हातारीला इंग्रजीत काहीतरी बोलली, अगदी थोडकंच. म्हातारीने मान खाली घातली.

"काय बोललीस?"

"म्हटलं, बाहेरची म्हणजे मीच होते, आई."

मी म्हटलं, "आता मी बोलते. स्वतःच्या सुनेला दार लावून घ्यायचं, आणि वर आमच्याकडे पुरणपोळी…"

"आक्का, काल हडपसरला… काल नाही, आज सकाळीच. तू काय बोलत होतीस?"

"मी नुसती बोलते!"

"आणि मत कुणाला देतेस? जो असंच बोलतो त्यालाच ना?"

  मी परत खाली बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या. बोलता येत नसेल तर काम करावं, एवढं मला कळतं. पण गप्प बसणं मला फार वेळ जमत नाही. परात अर्धी भरली तशी मी म्हटलं, "सांग त्यांना, आमच्या गल्लीतल्या चेंबरची गोष्ट."

गोष्ट साधी आहे. मागे आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं, घाण पाणी दारात. अर्ज केले, फोन केले, साहेब मीटिंगमध्ये. मग आम्ही पाचजणी नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसायला लागलो. भांडायचं नाही, ओरडायचं नाही. मेथीच्या जुड्या न्यायच्या आणि तिथे बसून निवडायच्या. रोज. शिपाई म्हणायचा, मावशी, साहेब नाहीत. आम्ही म्हणायचो, असू दे, भाजी निवडून होईल. येणारा-जाणारा विचारायचा, या बायका कशासाठी? आम्ही सांगायचो. आणि एक नियम, देठं तिथे टाकायची नाहीत. पिशवी न्यायची, भरून घरी आणायची. कचरा केला की तेवढंच निमित्त मिळतं त्यांना. त्यांच्या ऑफिसभर मेथीचा वास बसला, तेव्हा चेंबर दुरुस्त झालं.

विहीणबाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, आमच्याकडे असं कुणी जाऊन बसत नाही. शुक्रवारी निवडून आलेला माणूस लोकांना भेटतो, त्यासाठी आधी वेळ मागावी लागते, दहा मिनिटं मिळतात.

मी म्हटलं, "मग मागा वेळ. दहा मिनिटं संपली की पुढच्या शुक्रवारची मागा. मत दिलंय ना तुम्ही? तुमचं ऐकायलाच पाहिजे त्यांनी."

 म्हातारी दाणे बोटाने चाळत राहिली.

येताना रामदऱ्याला थांबलो. लोणीपासून आत थोडा रस्ता आहे, काही ठिकाणी खड्डे, पण गाडी जाते. चारी बाजूंनी पाणी, मधे देऊळ, नारळाची झाडं. तिकीट नाही, चप्पल बाहेर. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, गर्दी असते. पुलावरून चालताना म्हातारीने रंजनाचा हात धरला. गुडघ्यासाठी धरला की कशासाठी, मी विचारलं नाही. देवळापर्यंत सोडला नाही, परत येतानाही सोडला नाही. सलीमभाई मला म्हणाले, "ताई, आज तुम्ही शांत शांत?" मी म्हटलं, "गाडी काढा."

रात्र व्हायच्या आत घरी पोचलो. त्या आठवड्यात म्हातारीने इयनला सगळं सांगितलं. तो दोन दिवस आईशी नीट बोलला नाही, मग बोलला. इथे राहणं काही जमत नव्हतं, त्यांचे डॉक्टर तिकडे, औषधं तिकडे आणि व्हिसाचे दिवसही संपत येणार. फेब्रुवारीत मायलेक गेले. विमानतळावर रंजना रडली नाही. घरी येऊन माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि पन्नास पोळ्या लाटल्या, एकही गोल नाही. मी तशाच डब्यांत भरल्या. गिऱ्हाईकांनी त्या आठवड्यात तक्रार केली असेल तर कारण हे होतं.

इयनला तिकडे नोकरी लागलीय. पगार अटीला पुरतो की नाही यावर रोज फोनवर डोकेफोड चालते. अर्ज अजून व्हायचाय. नियम तोच आहे, आणखी कडक करू म्हणणारेही आहेत म्हणे. तेव्हा सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. त्या प्रवासातून माझ्याकडे एकच गोष्ट राहिली. हडपसरच्या पुलावर अडकले की तोंड उघडते आणि बंद करते. प्रत्येक वेळी जमतं असं नाही.

परवा शुक्रवारी, जूनच्या उकाड्यात, दुपारी भाकरीचं पीठ मळत होते. रंजना फोन घेऊन पळत आली. व्हिडिओ कॉल. आधी नुसतं छत दिसलं, मग नाक, मग विहीणबाई. एका ऑफिसातल्या खुर्चीवर बसलेल्या, मागे भिंतीवर निवडून आलेल्या माणसाचा हसरा फोटो. टेबलामागची बाई त्यांना काहीतरी समजावत होती, वेळ संपली असावी. विहीणबाई मान हलवत होत्या आणि मांडीवरच्या वाडग्यात मटार सोलत होत्या. तिकडे आता हंगाम आहे. शेजारच्या खुर्च्यांवर आणखी दोन म्हाताऱ्या होत्या, त्यांच्याही मांडीवर शेंगा.

रंजना हसत होती आणि डोळे पुसत होती. मी म्हटलं, "आधी विचार, टरफलं कुठे टाकतायत?"

तिने विचारलं. विहीणबाईंनी फोन खाली केला. पायाशी पिशवी होती, अर्धी भरलेली.