पट्टी न लावता तपासलेली खोकी

दादाने उभं आयुष्य पेणच्या एका कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवले. या कामाला आखणी म्हणतात आणि ती सगळ्यात शेवटी होते. रंग, दागिने कितीही चांगले असोत, डोळा चुकला की मूर्ती गेली. मी, त्याचा धाकटा भाऊ, रोह्याच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. निरोपाला शाल, श्रीफळ आणि चार भाषणं मिळाली. माझं एखादं चित्र पाहिलेला वक्ता त्यांत एकही नव्हता.

गेल्या वर्षी दादाचा उजवा हात थरथरायला लागला आणि कारखाना सुटला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हाताला सराव ठेवा म्हणाले. बरं होईल, असं काही म्हणाले नाहीत. दादा दर रविवारी गाडीने माझ्याकडे येऊ लागला. मी त्याला पाचवीच्या पोरांचा धडा दिला. डोळ्यांच्या पातळीची एक आडवी रेघ, तिच्या दोन टोकांना दोन टिंबं, आणि त्या टिंबांकडे निमुळती होत जाणारी खोकी. पट्टी न लावता.

"गणपतीत सरळ रेघ कुठं असते, दाखव मास्तर."

"नसते. पण हात सरळ गेला की वळतोही नीट."

"इतकी वर्षं न शिकता वळला, तो काय चुकून?"

तरी त्याने वही भरत आणली. हे तपासायची रीत सोपी आहे: खोक्याची प्रत्येक तिरकी कड पट्टीने पुढे वाढवायची आणि ती टिंबाला मिळते का बघायचं. ही रीत मी शाळेत जन्मभर शिकवली. दादाच्या वहीवर मात्र पट्टी ठेवली नाही. नुसतं बघायचो आणि लाल पेनाने बरोबरच्या खुणा करत जायचो. कुणाला नापास करायचं नाही असं शाळेत वरून आलं होतं, आणि ते माझ्या अंगवळणी पडलं होतं. शिवाय त्या खुणा बघत दादा चहा प्यायचा.

आषाढात तो मला न सांगता कारखान्यात गेला. मालकाने मानाने बसवलं, मोठी मूर्ती पुढे ठेवली. डावा डोळा ठीक उतरला. उजव्याची वरची रेघ कपाळात गेली. मालक म्हणाला, पुसता येईल. बाकीचे कारागीर मान खाली घालून आपापलं काम करत राहिले. दादाला तेच लागलं.

रविवारी तो वही घेऊन आला.

"तुझ्या खुणांवर गेलो मी," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आता पट्टी घे. पयल्या पानापासून तपास."

मी पट्टी घेतली. पहिल्या पानावरच्या कडा टिंबाच्या आसपास तरी पोचत होत्या. मधल्या पानांवर त्या फाकल्या. शेवटच्या पानांवर तर एकाच खोक्याच्या कडा वहीबाहेर निघाल्या, एक दाराकडे, एक माझ्याकडे. सराव वाढत होता तसा हात जात होता, आणि मी पानापानावर बरोबर म्हटलं होतं.

दादाने वही ओढून घेतली आणि पानं उलटी चाळत पहिल्यावर येऊन थांबला.

"म्हंजे इथं हात बरा व्हता," तो म्हणाला. "तवाच खरं सांगितलं असतंस, तर तवाच जाऊन एक शेवटची मूर्ती करून आलो असतो."