सासऱ्यांचा हिरो निवडणुकीला उभा राहिला

ठिबकच्या नळ्या बसवायच्या कामावर मी तीन वर्षं आंध्रातल्या एका मिरचीच्या गावात होतो. ज्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहायचो, त्यांच्याच मुलीशी पुढे माझं लग्न झालं. सासऱ्यांचा धंदा फोटोफ्रेमचा. काच कापायची, तसबिरी मढवायच्या. सासूबाई लवकर गेलेल्या. सासऱ्यांचा जीव सगळा एका सिनेनटात अडकलेला. तो पहिल्या सिनेमात हिरोच्या मागे गर्दीत उभा होता, तेव्हाच आपण त्याला हेरलं होतं, असं ते अभिमानाने सांगत. पुढे तो मोठा स्टार झाला आणि सासरे त्याच्या चाहता संघाचे तालुका अध्यक्ष. त्याचा सिनेमा लागला की थिएटरबाहेर ते रक्तदान शिबिर भरवायचे. पहिली बाटली त्यांची.

मग त्या नटाने पक्ष काढला. चाहता संघाचे लोक एका आठवड्यात कार्यकर्ते झाले. तिकीट आपल्याला मिळेल असं सासऱ्यांना वाटलं होतं. ते गेलं नुकत्याच पक्षात आलेल्या एका कंत्राटदाराला. त्याच कंत्राटदाराची पत्रकं घेऊन सासरे दोन महिने उन्हात हिंडले.

तोवर आम्ही जळगावात राहायला आलो होतो. निकालाच्या दिवशी बायकोने सकाळपासून मोबाइलवर तेलुगू बातम्या लावलेल्या. तिला सातवा महिना होता. मी म्हणत होतो, बंद कर, त्रास होईल. दुपारपर्यंत कंत्राटदार पडला, मग खुद्द नटही पडला. तिने वडिलांना फोन लावला, तर तो बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. दुकानाशेजारच्या शिंप्याने फोनवर सांगितलं, दुकानाचं शटर कालपासून खाली आहे, हाक मारली तरी उत्तर येत नाही.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मला काही सुचत नाहीये."

भुसावळहून गाडी पकडली. वाटभर दर तासाला तिचा फोन, आणि माझ्याकडे सांगायला काहीच नाही. गावात उतरलो तो थेट दुकानावर गेलो. शटर वाजवलं, नाव सांगितलं. बराच वेळ गेला आणि ते हातभर वर झालं. वाकून आत गेलो. सासरे काचेच्या तुकड्यांमध्ये लुंगीवर बसले होते. जिंकलेल्यांनी दारात फटाक्यांची माळ लावली होती, त्यात पुढची काच फुटली होती.

"तुम्ही जेवलात का?" मी हिंदीत विचारलं.

ते म्हणाले, "फटाके लावणाऱ्यांच्या लग्नाच्या फ्रेमा मीच केल्यात."

डॉक्टरांनी रक्तदाब पाहून गोळ्या लिहून दिल्या आणि एकटं ठेवू नका म्हणून बजावलं. मी त्यांना जळगावला घेऊन आलो.

तेलुगूत वडिलांना नान्ना म्हणतात. बायकोची हाक ऐकून माझी आईही त्यांना नाना म्हणू लागली. आमच्याकडे मोठ्या माणसाला तसंच म्हणतात. आई धुळ्याकडची, अहिराणीशिवाय दुसरं बोलत नाही. नानांना तेलुगू आणि मोडकं हिंदी. तरी दोघं शेंगा फोडत बसायची. एकदा टीव्हीवर त्याच नटाचा हिंदीत डब केलेला सिनेमा लागला. नाना उठून आत जायला निघाले.

आईने पडद्याकडे बोट दाखवलं. "नाना, हाऊ तुमना कोन लागस?"

हा तुमचा कोण, हे शब्द कळले नसतील, बोट कळलं. ते थांबले. "कोई नहीं," म्हणाले, आणि परत येऊन शेवटपर्यंत बसले. जेवताना तेवढं एकच बोलले, आवाज त्याचा नव्हता.

पुढे नात झाली, तिच्यात ते रमले. जवळजवळ पाच वर्षं गेली. मग पुन्हा निवडणूक आली आणि गावाकडचे फोन सुरू झाले. नाना गच्चीवर जाऊन बोलायचे. एका सकाळी त्यांनी बॅग भरली.

बायको दारात उभी राहिली. "डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना? त्या माणसाला तुमचं नाव तरी माहीत आहे का?"

"नाही," ते म्हणाले. "त्याच्यासाठी जात नाहीये. संघात ज्यांना मी आणलं, ते पाच वर्षं गावात टोमणे खात राहिले. मी इथे नातीला खेळवत बसलो."

ती रडायला लागली. आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "जाऊ दे त्यासले. आठे बसीसन बी जीव तठेच शे." इथे बसूनही जीव तिकडेच, हे तिनेही ओळखलं होतं.

ते गेले. पुढचा महिना आमच्या घरात कुणी नीट झोपलं नाही. ऊन वाढत होतं. नटाची शेवटची सभा तालुक्याच्या गावी होती. टीव्हीवर कठडे वाकलेले दिसत होते, माणसं खांबांवर चढलेली. बायको पडद्याच्या अगदी जवळ उभी राहून त्या हजारो डोक्यांत वडिलांचं टक्कल शोधत होती. सहा तास फोन लागला नाही. संध्याकाळी अनोळखी नंबरवरून त्यांचा आवाज आला. चप्पल हरवली होती, मोबाइल गर्दीत पडला होता, बाकी ठीक. तिने फोन माझ्या हातात दिला. मीच बोललो.

या वेळी नट निवडून आला, मंत्रीही झाला. विजयाच्या मिरवणुकीत त्याची गाडी दुकानासमोरून गेली. काचा वर होत्या. नानांनी हे आम्हाला हसत सांगितलं. ते हसणं मला आवडलं नाही.

ते परत आले नाहीत. दुकान पुन्हा उघडलंय. पण फ्रेमा करायला येतात त्यापेक्षा जास्त माणसं आता गाऱ्हाणी घेऊन येतात. तुमच्या हिरोला सांगा, आमच्या गल्लीत पाणी नाही. कुणी नीट बोलतं, कुणी अंगावर येतं. मागच्या महिन्यात दोघांनी त्यांची गचांडी धरली, हे शिंप्याकडून कळलं. त्यांनी स्वतः सांगितलं नव्हतं.

शेवटी ते पाण्याचा अर्ज घेऊन राजधानीला गेले. बंगल्याबाहेर दिवसभर उभे राहिले. सहायकाने कागद घेतला.

"भेटले का ते?" मी फोनवर विचारलं.

"लांबून पाहिलं. थकलेला दिसला. खूप माणसं होती."

पाइप अजून पडलेले नाहीत. बायको म्हणते, या दिवाळीला जाऊन त्यांना घेऊनच येते. मी तिकिटं काढली आहेत. ते येतील की नाही, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच सांगता येत नाही.