डाव्या बाजूची शिवण

"दुखतं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अजिबात नाही," मी म्हटलं. शाळेत बरोबर उत्तर दिल्यावर वाटायचं तसं मला वाटलं. दुखत नाही म्हणजे साधी गाठ, दोन गोळ्या देतील आणि घरी पाठवतील, असा माझा हिशेब होता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तेच तर," त्या म्हणाल्या. "दुखलं असतं, तर तुम्ही चार महिन्यांपूर्वी आला असतात." मग त्यांनी रिपोर्ट माझ्या नवऱ्याकडे न देता माझ्याकडे सरकवला आणि सांगितलं, "हा कॅन्सर आहे. स्तनाचा. ऑपरेशन करावं लागेल आणि वाट बघण्यात अर्थ नाही."

स्तन हा शब्द माझ्याबद्दल कोणी मोठ्याने उच्चारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. खरं तर तो माझ्या धंद्यातलाच अवयव. ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बायकांचे ब्लाऊज शिवायचे. पण आम्ही शिंपिणीसुद्धा म्हणतो 'छाती'. छाती चौतीस, छाती छत्तीस. त्यापलीकडे बोलायचं नाही.

मी सिनेमावेडी. हे वेड लपवायचं कारण नाही, कारण माझं दुकान त्यावरच चालायचं. नवा सिनेमा लागला की शुक्रवारी तलावाजवळच्या थिएटरात मॅटिनीला मी हजर. पर्समध्ये छोटी वही आणि पेन्सिल. पहिल्यांदा गोष्ट बघायची, दुसऱ्यांदा नायिकेची पाठ. गळा कसा कापलाय, नाडी कुठे बांधलीय, बाहीला चुण्या किती. अंधारात न बघता चित्र काढायचं मला वळण पडलं होतं. शनिवारी सकाळी बायका दारात यायच्या, "शोभाताई, ते गाण्यातलं पोलकं!" आणि माझा नमुना तयार असायचा. ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. टीव्ही रंगीत झाले होते, तरी नायिकेच्या पाठीचा गळा बघायला मोठा पडदाच लागायचा.

कॅन्सरही मी सिनेमातच पाहिला होता. तिथे माणूस खोकतो, रुमालावर लाल ठिपका दिसतो, डॉक्टर चष्मा काढतात, आणि मरायच्या आधी नायिका एक गाणं म्हणते. केस जागेवर, कुंकू जागेवर. मला खोकला नव्हता, वजन घटलं नव्हतं, भूक उत्तम होती. मग मला कुठून कॅन्सर होणार? हसू नका. माझ्यासारख्या शिकल्यासवरलेल्या कितीतरी बायका मला नंतर भेटल्या, त्यांचंही ज्ञान तेवढंच होतं.

आता ते चार महिने सांगते, कारण ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

आमच्याकडे बाई शिवायला कापड देते तेव्हा अंगाचं माप देत नाही. सोबत 'मापाचा ब्लाऊज' देते, म्हणजे नीट बसणारा एखादा जुना. त्यावरून शिवायचं. दोघींचाही संकोच वाचतो. मी स्वतःचेही तसेच शिवायचे, दहा वर्षांपूर्वीच्या मापावरून. त्या वर्षी लग्नसराईच्या सुरुवातीला माझा नवा ब्लाऊज डाव्या काखेखाली काचायला लागला. मला वाटलं, कापड आटलं. मी शिवण उसवली, अर्धा इंच सोडला, पुन्हा टीप मारली. महिन्याने दुसरा काचला. तोही सोडला. उजवी बाजू मात्र बरोबर बसत होती. तालुक्याच्या बायकांच्या अंगाची चूक नजरेने ओळखणारी मी, माझ्या अंगाला काय झालंय हे न बघता कापड दुरुस्त करत राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आंघोळ करताना गाठ हाताला लागली तीही त्याच सुमारास. सुपारीएवढी, टणक, न दुखणारी. म्हटलं, लग्नसराई उरकू दे.

त्या रिपोर्टाआधीचे तपासण्यांचे दिवस मला एकेका बाकड्यावरून आठवतात. आधी सुई टोचून गाठीतल्या पेशी काढल्या. मग मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये दाबून काढतात. क्षणभर कळ येते, पण सहन न होण्यासारखं काही नाही. मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. प्रत्येक रिपोर्टला चार-पाच दिवस. मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात बाकड्यावर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायच्या नाहीत. सगळ्यांचे पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट.

मॅस्टेक्टमी म्हणजे पूर्ण स्तन काढण्याचं ऑपरेशन. माझा डावा काढला आणि काखेतल्या लसीकाग्रंथी, म्हणजे सगळ्यांनाच असतात त्या बारीक गाठी, त्याही काढल्या. त्यातल्या तीन गाठींपर्यंत रोग गेला होता. "चार महिन्यांपूर्वी आले असते तर?" मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "कदाचित इथवर आला नसता. पण आता पुढचं बघू." तो 'कदाचित' माझ्याजवळ अजून आहे.

पुढचं म्हणजे केमोथेरपी, शिरेतून द्यायचं औषध, सहा वेळा. केस गेले, तोंडाची चव गेली. उलट्या थांबायच्या नाहीत तेव्हा मी डोळे मिटून पाहिलेला एखादा सिनेमा पहिल्या पाटीपासून शेवटपर्यंत मनात चालवायचे, गाण्यांसकट. एका सलाईनला एक सिनेमा. वॉर्डात टीव्ही होता. गाण्यांचा कार्यक्रम लागला की आम्ही आठ-दहा जणी, कोणाला जखमेतलं पाणी काढायची नळी लावलेली, कोणाच्या डोक्याला रुमाल, खुर्च्या ओढून बसायचो. एकदा नायिका पावसात नाचत होती तेव्हा शेजारची बाई एकदम म्हणाली, "अख्ख्या जगाला छाती दाखवतात हो, आणि आपण डॉक्टरला दाखवायला लाजलो." आम्ही हसलो. मग कोणीच हसेना.

शेवटी रेडिएशन, म्हणजे किरणांनी शेक. पाच आठवडे. नंतर रोज एक गोळी.

ऑपरेशन होऊन घरी आले तेव्हा नवरा म्हणाला, "मुतखड्याचं ऑपरेशन झालं म्हणून सांगू या." तो वाईट माणूस नाही. महिनाभर माझी वेणीफणी करणारा, आणि वेणी उरली नाही तेव्हा डोक्याला खोबरेल लावणारा माणूस तो. पण आमच्या गल्लीत एका घरी कॅन्सर झाला होता तेव्हा लोकांनी त्यांच्याकडचं पाणी प्यायचं सोडलं होतं. कॅन्सर लागत नाही, हे कोण कोणाला समजावणार? माझ्या हातचा कपडा बायका अंगाला लावतील का, ही भीती त्याच्यापेक्षा मलाच जास्त होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय झाकायचं कसं हे मला नाही येणार तर कोणाला? मऊ कापसाची, आत मोहरीची छोटी पुरचुंडी घालून जड केलेली गादी मी शिवली. आरशात दोन्ही बाजू सारख्या. पुढे केस गेले तेव्हा डोक्यावरून पदर घेतला, कोणी विचारलं तर टायफॉइडने गेले म्हणायचं. मुतखड्यावरचे उपाय मात्र गल्लीभरातून आले.

त्यानंतर पहिल्यांदा सिनेमाला गेले तेव्हा वही काढलीच नाही. पडद्यावर ती पोरगी वाकत होती, वळत होती, आणि मला तिचा हेवा वाटत होता. गळ्याचा नाही, ब्लाऊजचा नाही. मध्यंतरापर्यंत रडले. मग डोळे पुसले आणि पेन्सिल काढली. बाही चांगली होती.

अशी तीन वर्षं गेली. कोणालाही कळलं नाही.

माजिवड्याच्या ठकूबाई माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. आगरी घर, पूर्वी मिठागरं होती, आता जमिनीवर इमारती उठत होत्या. माझ्यासारख्याच सिनेमाच्या नादी. मॅटिनीला शेजारी बसून नायकाला मोठ्याने सल्ले द्यायच्या. एका सकाळी त्या आल्या, मापाचा ब्लाऊज टेबलावर टाकला आणि म्हणाल्या, "शोभे, डावीकरं जरासं ढिलं कर. उजवीकरं बराबर हाय. कापर आटलाय वाटतं."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, "उद्या न्या." त्या गेल्या. मी शिवण उसवली. अर्धा इंच सोडला. टीप मारली. इस्त्री फिरवता फिरवता ती बाजूला ठेवली आणि मी जमिनीवर बसले. सांगावं तर माझं गुपित फुटणार. ठकूबाईंचा आवाज म्हणजे बिनतारेचा लाऊडस्पीकर. न सांगावं, तर त्यांचे चार महिने माझ्या हातून जाणार.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी दुकानाचं दार लावलं. त्यांना पडद्याआड नेलं आणि माझ्या ब्लाऊजची बटणं काढली. गादी काढून त्यांच्या हातात दिली.

ठकूबाईंनी तो सपाट, आडवा व्रण पाहिला. मग म्हणाल्या, "आनि मना सांगलंस मुतखडा? म्हयनाभर कुलथाचा पानी पाठवलाय गो मी तुला!" एवढं बोलून त्या रडायला लागल्या, मीही. मग मी त्यांच्या डाव्या काखेखाली, स्तनाच्या कडेला बोटं ठेवली. गाठ तिथे होती.

"दुखत तं नाय," त्या म्हणाल्या.

"माहितीये मला," मी म्हटलं. "उद्या सकाळी माझ्याबरोबर चलायचं."

त्यांच्याबरोबर त्याच बाकड्यावर बसले. या वेळी मी सगळ्यांकडे बघत होते. रिपोर्ट तोच आला, पण काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेला नव्हता. "वेळेत आलात," डॉक्टरबाई त्यांना म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला बरं वाटलं, आणि माझ्या त्या चार महिन्यांचं फार वाईटही वाटलं. दोन्ही एकाच वेळी.

ऑपरेशननंतर मी त्यांना गादी शिवून नेली. त्यांनी ती उशाखाली ठेवली आणि कधी वापरली नाही.

वर्षभराने त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात साठ-सत्तर बाया तांदूळ निवडत बसल्या होत्या. कर्ण्यावर सिनेमाची गाणी जोरात. ठकूबाई उठल्या आणि ओरडल्या, "टेप बंद कर रं जरा!" गाणं कडव्यातच थांबलं.

"आयका गो सगल्या. डाक्टरनी माझा एक काढलाय. मी मेली नाय. ही शोभी, हिचापन काढलाय, चार वर्सं झाली, हीपन मेली नाय. लाज कसली धरताव? आंघोल करताना हात फिरवत जा, काखंतपन. गाठ लागली तं घरान बसू नुको. दुखत नाय म्हनून तं बिलकूल बसू नुको."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सगळे डोळे माझ्या पदरावर. कोणीतरी तोंडाला पदर लावला. मग ठकूबाईंनीच हुकूम सोडला, "लाव रं गाना," आणि सुपं पुन्हा हलायला लागली.

नंतर तीन-चार घरांनी माझ्याकडे कपडे टाकणं बंद केलं. बाकीच्या येत राहिल्या. मी मापाचा ब्लाऊज घेणं सोडलं. टेपने माप घेते, पडद्याआड, आणि प्रत्येकीला सांगते ते इथेही सांगते. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, बोटांच्या सपाट भागाने गोल गोल चाचपून बघा. आरशासमोर उभं राहून बघा. कातडीला खळी पडलीय का, बोंड आत ओढलंय का, त्यातून रक्त येतंय का. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे डॉक्टरबाईंनीच मला सांगितलं. पण ते ठरवायचं काम तुमचं नाही, माझं नाही आणि सिनेमाचं तर नाहीच नाही. डॉक्टरांना ठरवू द्या. त्या बाईंची, वॉर्डातल्या मैत्रिणींची, डोक्याला तेल लावणाऱ्या माझ्या नवऱ्याची मी ऋणी आहे. ठकूबाईंची सगळ्यात जास्त. जे सांगायला मी चार वर्षं घाबरले, ते त्यांनी हातातलं सूप खाली ठेवून सांगून टाकलं.

त्या दुपारी मांडवातून मी जवळजवळ पळूनच निघाले होते. माजिवड्याच्या नाक्यावर बसची वाट बघत उभी होते, रागाने आणि शरमेने कान तापलेले. मागून चपलांचा आवाज आला. मांडवातली एक तरुण सून, कडेवर वर्षाचं पोर, धापा टाकत माझ्यासमोर येऊन थांबली. पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"काकू, मला जरा..." ती म्हणाली आणि थांबली. माझ्या मागे बघत म्हणाली, "तुमची बस आली."

खोपटची बस उभी होती. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून माझ्याकडे बघत होता.

"जाऊ दे तिला," मी म्हटलं. "तू बोल."