पाय मागे

डिंगोऱ्याच्या गोकुळचा हात मूळचा गोफणीचा. लहानपणी तो बाजरीच्या राखणीला माळ्यावर उभा राहायचा. खालून वडील, हौशीराम, "हाऽऽर्र!" करून ओरडले की गोफण गरकन फिरायची आणि पाखरांचा थवा उठायचा. त्याच हातावर पुढे तो कॉलेजच्या बेसबॉल संघाचा पिचर झाला.

शेवटच्या वर्षाचा अंतिम सामना. शेवटची इनिंग, दोन्ही संघ बरोबरीत, आणि तिसऱ्या बेसवर समोरचा खेळाडू धावायला टपलेला. अशा वेळी पिचरने चेंडू छातीशी आणून क्षणभर पुतळ्यासारखं थांबायचं, मगच फेकायचा. मध्येच हात हलला तर धावणाऱ्याला पुढचा बेस फुकट. गोकुळ थांबला होता. तेवढ्यात प्रेक्षकांतून वडिलांनी आरोळी ठोकली आणि हात आपोआप हलला. धावणारा चालत शेवटच्या बेसवर, होमवर पोचला; त्यांची धाव झाली, सामना गेला.

"पोराला जोर द्यायला वरडलो व्हतो," हौशीराम मरेपर्यंत सांगत राहिले. गोकुळने सहा वर्षं चेंडूला हात लावला नाही.

आता तो गावातल्या मुलींना शिकवतो. त्याची पिचर हर्षाली. तिचाही हात बाजरीतच तयार झालेला. दोन वर्षं सरावात गोकुळ तिच्या पाठीमागून तीच आरोळी देत आला. हात शिवशिवला तर पायाखालच्या फळीवरून पाय मागे घ्यायचा, मग चूक धरत नाहीत, हे त्याने तिला शिकवलं होतं. तरी दहांतून तीनदा तिचा हात सुटायचाच.

गेल्या फेब्रुवारीत अवसरी खुर्दच्या मैदानावर अंतिम सामना होता. शेवटची इनिंग, एका धावेची आघाडी, दोघी बाद, तिसऱ्या बेसवर एक धावणारी. बॅट आणखी एकदा चुकली, एक स्ट्राइक पडली, की करंडक. गोकुळने कुंपणाकडे पाहिलं. हर्षालीचे आजोबा, भगवंतआबा, बाह्या सरसावून उभे होते.

तो धावतच गेला. "आबा, पाया पडतो, आता तोंडातनं शब्द काढू नका."

"आरं, पोरीला जोर नको व्हय?"

"जोर लई हाय तिच्यात. तिला थांबायचंय."

"बरं राव, हे बघ." आबांनी डोक्यावरची टोपी काढून दातात धरली.

हर्षालीने चेंडू छातीशी आणला. थांबली.

टोपी खाली पडली. "हाऽऽर्र!"

तिच्या खांद्यापर्यंत शिरशिरी गेलेली गोकुळला लांबून दिसली. पण हात छातीशीच राहिला आणि पाय फळीवरून मागे आला. अंपायरने चूक धरली नाही. पुढे सरकलेली धावणारी धडपडत बेसवर परतली.

"आबा, हितं पाखरं न्हाईत, गप बसा की!" हर्षाली ओरडली.

मैदान हसलं. गोकुळ हसला नाही. ती पुन्हा फळीवर उभी राहिली. चेंडू छातीशी. एक क्षण, अख्खा. मग फेकला. बॅट नुसतीच हवेतून फिरली आणि चेंडू कॅचरच्या हातमोज्यात धप्पकन बसला.

मुली आरडत मैदानात धावल्या. आबा मात्र तोंडावर हात दाबून, घाबरून उभे होते. गोकुळने खाली पडलेली टोपी उचलली, माती झटकली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"आता वरडा, आबा. पायजे तेवढं वरडा."