मंगल कार्यालयातला गोल

चिकलठाण्यात आमच्या फुटबॉल क्लबचं मैदान होतं, तिथं आता मंगल कार्यालय आहे. आमच्या गल्लीतले एक काका क्लबची एकही मॅच चुकवत नसत. आजही लग्नाचं आमंत्रण आलं की ते आधी विचारतात, "मैदानावर हाय का?" असेल तर हमखास येतात आणि पंगतीत शेजाऱ्याला सांगतात, "भाऊ, तुम्ही पेनल्टीच्या जागी बसलाय."

परवा तिथल्याच एका लग्नात आम्ही शेजारी जेवत असताना सजावटीचा मोठा फुगा सुटून त्यांच्याकडं आला. काकांनी उडी मारून डोक्यानं असा हाणला की तो स्टेजच्या फुलांच्या कमानीतून आत गेला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पंगतीतले तीन-चार म्हातारे ताट सोडून उठले आणि ओरडले, "गोऽऽल!"

काका बघतच राहिले. "आयला," ते म्हणाले, "सगळे हायत की अजून!"